कोआर्क्टेशन: बीपीच्या पट्ट्यापासून स्टेंटपर्यंत, माझा अनुभव

मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, कोआर्क्टेशन असल्याचं निघालं. डोकं दुखणं आणि पळल्यावर पोटऱ्या दुखणं, दोन्हींचं मूळ एकच होतं. डाव्या हाताची रक्तवाहिनी जिथून निघते, तिथून जरा पुढे महाधमनी जन्मतःच अरुंद असते. त्यामुळे डोक्याकडे आणि हातांकडे दाब वाढतो, पायांकडे रक्त कमी जातं.

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. जांघेतली नाडी बोटांनी चाचपायची, मग उजव्या हाताचं आणि पायाचं बीपी घ्यायचं. निरोगी मुलात पायाचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्त असतं. आमच्याकडे हाताला १४६, पायाला १०२. वरच्या आकड्यात २० चा फरक आला तरी पुढची तपासणी हवीच. डाव्या हातावर विसंबू नका: त्याच्या रक्तवाहिनीचं तोंडच अरुंद भागात आलं असेल, तर तिथलं बीपी फसवं कमी येतं. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढतो. मूल रडत असेल तर थांबा.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी, आणि घाईची. पायांकडे रक्त नेणारी, जन्मानंतर उघडी असलेली डक्टस ही वाहिनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत बंद होते आणि बाळ अचानक दूध सोडतं, धापा टाकतं, पाय गार पडतात. जंतुसंसर्ग समजून वेळ जातो. प्रोस्टाग्लँडिनच्या ड्रिपने डक्टस पुन्हा उघडतात. त्या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर हाताशी लागतो. मग ऑपरेशन: अरुंद तुकडा काढून टोकं जोडतात.

टूडी एकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) अरुंद भागाच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक कमी दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. मोठ्या मुलांत रक्त आडवाटेच्या वाहिन्यांनी पायांकडे जातं, त्यामुळे आकडा खाली येतो. म्हणून सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन, केली. साधारण २० ते २५ किलो वजनाच्या पुढे स्टेंटचा (अरुंद भाग उघडा ठेवणाऱ्या जाळीदार नळीचा) विचार होतो, कारण तो वाढीबरोबर फुग्याने पुन्हा रुंद करता येतो.

स्टेंट जांघेतून, पूर्ण भूल देऊन टाकला. टाकण्याआधी आणि नंतर आतला दाब मोजतात. उरलेला फरक १० च्या आत असावा. नंतर काही तास तो पाय सरळ ठेवायचा. पाऊल गार किंवा पांढरं पडलं, तर नर्सना लगेच सांगायचं. जांघेतल्या धमनीत गुठळी झालेली असू शकते.

घरी आल्यावरही बीपीच्या गोळ्या लगेच बंद झाल्या नाहीत. अरुंद भाग मोकळा झाला तरी रक्तवाहिन्यांचा ताठरपणा राहतो, म्हणून तपासण्या जन्मभर. स्टेंटजवळ फुगवटा येतोय का, हे सीटी किंवा एमआरआयवर पाहतात. त्याच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या निघाल्या. कोआर्क्टेशनबरोबर हे बरेचदा असतं आणि घराण्यातही आढळतं, म्हणून धाकट्या बहिणीचाही एको करून घेतला.