मामांना पत्ता मिळवून देताना

दादरच्या फुलबाजारात आमचा गाळा आहे. तिथे मामा बरीच वर्षं हमाली करतात. पहाटे तीनला टेम्पो लागला की झेंडूच्या गोण्या उतरवायच्या, दुपारी गाळ्यांसमोर झाडू मारायचा आणि रात्री पुलाच्या आडोशाला आडवं व्हायचं. गेल्या पावसाळ्यात अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत त्यांचं बोचकं गेलं. आत चादर, दोन लुंग्या आणि दवाखान्याचे कागद होते. त्यानंतर मी त्यांना बेघरांच्या निवारा केंद्रात न्यायचं मनावर घेतलं.

पहिला अडथळा मामाच. "ताई, तिकडून पहाटे येऊ कसा? लोकल असते का तेव्हा?" त्यांचं बरोबरच होतं. लोकांना वाटतं, हे फुटपाथ सोडायलाच तयार नसतात. अहो, पोट जिथे भरतं तिथून चालत जाण्याइतकंच लांब झोपता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच शहरांना सांगितलं होतं, दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा. त्या हिशेबाने सव्वा कोटीच्या मुंबईत सव्वाशे हवेत. त्याच्या आसपासही नाहीत, मग जवळचा मिळणार कुठून?

चौकशीला गेले तर एका कार्यालयात साहेब म्हणाले, "पत्त्याचा पुरावा आणा." बेघर माणसाचा! शेवटी एका संस्थेच्या ताईंनी चालत जाता येईल असं केंद्र दाखवलं. तिथे कागद मागितलाच नाही. नाव, वय, फोटो, रजिस्टरवर अंगठा, झालं. खाट, कुलपाचं कपाट, अंघोळीला पाणी. मामा त्या कुलपाची किल्ली करगोट्याला बांधून फिरतात.

अडलं ते फाटकाशी. रात्री बंद झालेलं फाटक सकाळी सहालाच उघडायचं. मामांना अडीचला निघायचं. काळजीवाहक ऐकेना. मग गाळ्याच्या लेटरहेडवर मामांच्या कामाची वेळ लिहून सही-शिक्का मारून दिला, तेव्हा त्यांना वेगळी सूट मिळाली.

पुलाखाली मामांच्या शेजारी एक जोडपं लेकीसह झोपतं. ते आले नाहीत. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, हे त्यांना कसं चालावं? त्यांना मतदार यादीचं तरी सांगितलं. बेघराला त्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. सहा नंबरचा फॉर्म भरायचा, झोपायची जागा लिहायची. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन खात्री करून जातो.

मामांच्या आधार कार्डाला निवाऱ्याचाच उपयोग झाला. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला की तो पत्त्याला चालतो. मात्र तो तीनच महिने चालतो, तेव्हा घेतल्या घेतल्या नोंदणी उरकावी. गोण्या ओढून मामांच्या बोटांच्या रेषा पार झिजल्यात. मशीन ठसे घेईना. पोरगा बोटं पुसून पुन्हा पुन्हा दाबत होता आणि मामा उगाच ओशाळत होते. डोळ्यांचं स्कॅन मात्र पटकन झालं. कार्ड निवाऱ्याच्या पत्त्यावर आलं.

आता श्रावणबाळ योजनेचं, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचं बघतेय. महिना १५०० रुपये मिळतात. वयाची अट ६५ ची, ती आधारवरच्या वयाने भागेल असं वाटतंय. पण महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावाही लागतो. मामा त्याच्या दुपटीने इथे आहेत, पण फुटपाथची भाडेपावती कोण फाडतं? बाजारातल्या जुन्या गाळेवाल्यांची पत्रं गोळा करतेय. तहसील कचेरीत ती चालतील का, ते पुढच्या आठवड्यात कळेल.