ट्रेलर ओढणाऱ्या जुन्या ट्रकसाठी शॉकअप निवडताना

शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) वजन पेलत नाही, वजन पेलतात ते कमानीचे पाटे. हे डोक्यात पक्कं बसलं तेव्हा कुठे माझ्या जुन्या ट्रकसाठी शॉकअप निवडायचं काम मार्गी लागलं. तोवर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "ट्रेलर ओढायचाय ना? मग सगळ्यात कडक टाका."

ट्रक म्हणजे हेवी ड्युटी पिकअप. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, मागे पाट्यांचा जाड गठ्ठा. आधीच्या मालकाने त्यात एक जादा पाटा घातलेला, त्यामुळे मागची बाजू मूळ उंचीपेक्षा थोडी वर. जाताना मागे दोन एक्सलचा ट्रेलर आणि त्यावर मिनी एक्स्कॅव्हेटर, येताना पुष्कळदा नुसता रिकामा हौदा. म्हणजे एकाच ट्रकला दोन वेगळ्या गाड्यांसारखं वागायला लावायचं होतं, आणि शॉकअपची सगळी गोम तिथेच आहे.

खरेदीआधी मी तक्रारी वेगवेगळ्या केल्या. ट्रेलर जोडला की ट्रक मागे बसायचा, ही पहिली. पुलाचा सांधा ओलांडला की नाक खाली, वर, परत खाली असं डोलत राहायचं आणि प्रत्येक वरच्या झोक्याला स्टीअरिंग हातात हलकं पडायचं, ही दुसरी. तिसरी म्हणजे वेग वाढला की ट्रेलर शेपूट हलवायचा. यातली फक्त दुसरी शॉकअपची. मागे बसणं हा पाट्यांचा आणि हुकवर पडणाऱ्या भाराचा प्रश्न. तो एअरबॅगने, म्हणजे पाट्यांच्या जोडीला बसवायच्या हवेच्या पिशव्यांनी, किंवा वजन पुढच्या चाकांकडे वाटून देणाऱ्या हिचने (ट्रेलर जोडायच्या हुकाने) सुटतो. शेपूट हलण्याचं कारण बहुधा ट्रेलरवर माल कुठे ठेवलाय त्यात असतं. हिच बॉलवर जोडलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर पडायला हवा. वजन केलं तर माझा भार त्याहून बराच कमी भरला. एक्स्कॅव्हेटर ट्रेलरवर थोडा पुढे घेतला आणि शेपूट थांबलं, एक पैसा न घालवता. त्याने ट्रक मागे अजून जरासा बसला, ते मला चालणार होतं.

आता जुने शॉकअप खरंच गेलेत का, हे बघायचं. कोपरा दाबून गाडी किती वेळा झुलते ते मोजायची युक्ती छोट्या गाड्यांना ठीक आहे. या ट्रकच्या कोपऱ्यावर दोघंजण बसले तरी पाटे ढिम्म हलत नाहीत. त्यापेक्षा टायर बोलतात. पुढच्या टायरवरून तळहात फिरवला तर कडेने ठरावीक अंतरावर उंच-सखल लागत होतं. चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारतं तेव्हा रबर असं खड्ड्याखड्ड्यांनी झिजतं. शॉकअपवर तेलाचा हलका ओलसर थर असला तर घाबरायचं कारण नाही. सीलमधून दांड्याबरोबर थोडं तेल येतंच. ओघळ मात्र नको, आणि माझ्या मागच्या डाव्या शॉकअपवर ओघळ होता, त्यावर धूळ बसून काळी लगदी झालेली.

मला सगळ्यात पटलेली तपासणी हाताची. शॉकअपचं काम म्हणजे उसळीतली ऊर्जा तेल घुसळून उष्णतेत बदलणं. म्हणून खराब रस्त्यावर दमदार फेरी मारून आलो, गाडी सपाट जागी लावली, चाकांना ठोकळे लावले आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवून चारही शॉकअप चाचपले. उजवा मागचा चांगला गरम लागला. डावा मागचा जवळपास चासीइतकाच थंड. म्हणजे डाव्या बाजूला दांडा तेलाशिवायच वर-खाली करत होता आणि सगळी मेहनत उजवा एकटा करत होता. बदलायचे ते एका एक्सलचे दोन्ही एकदम, हा नियम मग कुणी सांगायची गरज उरली नाही.

मग प्रश्न आला कडकपणाचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पाटे तेच ठेवून गाडीचं वजन वाढवलं की तोच शॉकअप कमी पडायला लागतो. जास्त वस्तुमान डोलतंय आणि त्याला आवरणारं बळ तेवढंच आहे. उलट रिकाम्या ट्रकला तोच शॉकअप जास्त होतो. म्हणजे भरल्या ट्रकसाठी नेमका बेतलेला शॉकअप रिकाम्या फेरीत हाडं खिळखिळी करणार. त्यातही दांडा बाहेर येतानाचा अडथळा फार ठेवला तर आणखी एक भानगड होते. लागोपाठ खड्डे आले की पाटा सरळ व्हायला वेळच मिळत नाही, प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडी थोडी खाली दबत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर, म्हणजे एक्सल वर येऊन टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप मऊ आहे, म्हणून तो आणखी कडक घेतो.

सुटका कुठे आहे? दांड्याच्या वेगात. ट्रकचं नाक डोलतं तेव्हा शॉकअपचा दांडा सावकाश सरकतो. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा तोच दांडा झटक्यात सरकतो. ट्रेलर ओढणाऱ्याला आवर घालायचा असतो तो सावकाश हालचालीला, झटक्याला नाही. साध्या बांधणीत दांड्याचा वेग वाढेल तसा अडथळाही वाढत जातो, म्हणजे खड्ड्यात तो सगळ्यात जास्त. दुसऱ्या एका प्रकारच्या पिस्टनमध्ये पातळ पोलादी चकत्या अशा बसवतात की कमी वेगाला त्या घट्ट राहतात आणि दाब ठरावीक हद्दीपलीकडे गेला की कुकरच्या शिट्टीसारख्या उचलल्या जाऊन तेलाला वाट देतात. अडथळा सुरुवातीला झपकन चढतो आणि मग जवळपास सपाट होतो. याला डायग्रेसिव्ह म्हणतात. खोक्यावर 'हेवी ड्युटी' छापलंय की नाही, यापेक्षा आत ही रचना आहे की नाही हे विचारावं. दुकानात याचं उत्तर क्वचितच मिळतं, कंपनीच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा मिळतं.

एक नळी की दोन, हा वाद त्यामानाने सोपा आहे. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत पिस्टन आणि बाहेरच्या नळीत जादा तेल आणि कमी दाबाचा वायू. तेल आणि वायू शेजारीशेजारी, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि पकड सुटते. शिवाय आतली नळी तेलाने वेढलेली, म्हणून उष्णता बाहेर जायला उशीर. एका नळीच्या मोनोट्यूबमध्ये सरकता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवतो. वायूचा दाब साधारण 20 ते 30 बार, नळीची बाहेरची बाजू थेट हवेत. फेस नाही, थंड होणं लवकर. उणं असं की त्या एकुलत्या नळीला दगड लागून पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपची बाहेरची नळी असा मार खाऊन जाते. चिखलात-दगडांत फिरणाऱ्याने हे मनात धरावं. माझं काम बहुतेक डांबरी रस्त्यावरचं.

या वायूच्या दाबामुळे मोनोट्यूब "गाडी उचलतो" असं एकाने छातीठोक सांगितलं. हिशोब करून बघा. दांडा 14 मिलिमीटर जाडीचा धरला तर त्या दाबाने एका शॉकअपमागे बळ मिळतं 30-45 किलोच्या आसपास. या ट्रकच्या मागच्या एक्सलला त्याचं काय?

खऱ्या अर्थाने वजन उचलणारे शॉकअपही असतात. मनरो कंपनीचे बाहेरून स्प्रिंग गुंडाळलेले किंवा हवा भरायचे शॉकअप. ते मी बाजूला ठेवले. त्यांनी उचललेला भार शेवटी शॉकअपच्या ब्रॅकेटवर जातो, आणि जुन्या गंजलेल्या चासीवरचं ते ब्रॅकेट उसळी आवरायला बनवलेलं असतं, ओझं वाहायला नाही. भार वाढवायचा तर पाट्याच्या जागी वाढवावा.

हाताने सेट करायचे शॉकअप मात्र मोहात पाडतात. रँचो कंपनीच्या 9000 मालिकेत नळीवरच गोल बटण असतं, त्याचे नऊ टप्पे. ट्रेलर जोडला की वरच्या टप्प्यावर, सोडला की खालच्या. कधीतरीच ट्रेलर ओढणाऱ्याने डोळे झाकून हेच घ्यावेत. मी जवळपास रोज ओढतो आणि प्रत्येक वेळी गाडीखाली वाकून ते बटण फिरवण्याइतकी शिस्त माझ्यात नाही. एकदा विसरलं की ते तिथेच राहणार.

निर्णय मोनोट्यूबचा झाला. तरी यादीत ट्रकचं वर्ष आणि मॉडेल बघून नंबर मागवायचा नाही, असं ठरवलं होतं. यादीला आपला जादा पाटा माहीत नसतो. मोजपट्टी घेऊन खाली शिरलो. ट्रक स्वतःच्या चाकांवर, हौदा रिकामा. मागच्या शॉकअपच्या वरच्या बुशच्या (टोकाच्या रबरी कडीच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत 530 मिलिमीटर. एक्सल आणि बंपस्टॉप यांतलं अंतर 100. ट्रेलर जोडून पुन्हा मोजलं, बुशमधलं अंतर 480 वर आलं. बंपस्टॉपला टेकेपर्यंत शॉकअप 430 पर्यंत मिटेल, वर रबर दबण्यासाठी 25 धरले, म्हणजे 405. शॉकअप तिरका बसतो, म्हणून एक्सल जितकं हलतं तितका तो मिटत नाही. प्रत्यक्षात थोडी जागा जास्तच उरते. मग शॉकअपची खालची टोकं सोडली, चासी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उचलली आणि एक्सल जॅकने हळूहळू खाली सोडलं, नजर ब्रेकच्या होजवर ठेवून, कारण ती ताणली गेली तर थांबायचं. पूर्ण लोंबकळल्यावर 620.

म्हणजे मला हवा होता मिटल्यावर 405 हून लहान आणि उघडल्यावर 620 हून मोठा शॉकअप. बंपस्टॉपआधी शॉकअप मिटला तर तो आतून फुटतो. पूर्ण लांबीला अखंड एक्सलचं ओझं त्याच्यावर लोंबलं तर दांडा किंवा बुश जातं. मोनोट्यूबमध्ये वायूची खोली त्याच नळीत असते, म्हणून दांड्याच्या तेवढ्याच हालचालीसाठी त्याची मिटलेली लांबी जास्त भरते. तिथेच बऱ्याचदा गणित फसतं. मूळ उंचीसाठीचा नंबर उघडल्यावर 620 ला पुरत नव्हता. शेवटी पुढे बिल्स्टीन कंपनीचे 4600, जे मूळ उंचीच्या गाडीसाठीच असतात, आणि मागे 5100, जे थोड्या उचललेल्या गाडीसाठी मिळतात. मागच्याची लांबी 395 आणि 635. दोन्हींत पिस्टन 46 मिलिमीटरचा.

बसवणं कंटाळवाणं होतं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मारलं होतं, तरी पुढचा वरचा नट हलेना, नटाबरोबर दांडाच गोल फिरायचा. मिस्त्रींनी ग्रिप पाना उचलला. जुन्याला चालतं, तो भंगारातच जायचा होता. नव्याच्या वेळी मात्र मी आधीच म्हटलं, "मिस्त्री, दांड्याला पाना नको. टोकाला धरायला चपटी जागा आहे, तिथे धरा."

"एवढ्याने काय होतंय साहेब?"

"ओरखडा पडला की पहिल्याच आठवड्यात सील फाटेल."

त्यांनी मान हलवली आणि चपट्या जागेवर छोटा पाना लावला. नवा शॉकअप पट्टीने मिटवून बांधलेला येतो. ती पट्टी वरचा नट बसल्यावरच कापायची, नाहीतर दांडा हातातून निसटून बाहेर येतो. वरच्या रबरी गाद्या वॉशरच्या कडेइतक्या फुगेपर्यंतच आवळल्या. खालचे बोल्ट आधी हातानेच ठेवले आणि ट्रक चाकांवर उतरवल्यावर पूर्ण आवळले. हवेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे शेवटचं मिस्त्रींना मान्य नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

ट्रेलर जोडून पुलावरून गेलो. सांध्यावर नाक एकदा खाली गेलं, वर आलं आणि थांबलं. स्टीअरिंगचं वजन हातात तसंच राहिलं. ब्रेकवर नाक खुपसणं बरंच कमी झालंय. मागे बसणं अर्थातच पूर्वीइतकंच आहे, त्यासाठी एअरबॅग टाकायचा विचार आहे. रिकाम्या फेरीत गतिरोधकावर मागची बाजू अजून उडते. ती पाट्यांची ताकद आहे. मागच्या टायरची हवा रिकामं असताना कंपनीच्या तक्त्यातल्या रिकाम्या आकड्यावर आणली तेव्हा ती थोडी मवाळ झाली, फक्त ट्रेलर जोडायच्या आधी परत भरायला विसरायचं नाही. थोडं चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. पुढच्या डाव्या वरच्या नटाला पाव फेरा घ्यावा लागला, बाकीचे जागच्या जागी होते.