नव्या शिडाची घडी

मित्राने दिवाळीत बोटीला नवी शिडं घेतली. कापड इतकं करकरीत, की बोट लावलं तरी पापड मोडल्यासारखा आवाज. डिसेंबरात मुंबईहून मुरुडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरलं आणि शिकाऊ म्हणून पुढच्या शिडाची दोरी माझ्याकडे आली.

या दोरीला म्हणे शीट म्हणायचं. शीट म्हणजे चादर, हे शाळेत घोकलेलं. त्यामुळे मित्र "शीट सोड!" म्हणून ओरडला तेव्हा मी हातातला शिडाचा कोपरा सोडून दिला आणि दोरी मात्र घट्ट धरून बसलो. पुढची पाच मिनिटं सांगण्यासारखी नाहीत.

नवं कापड मला मुळातच मानवत नाही. नवा शर्टसुद्धा दोन पाण्यांतून निघाल्याशिवाय आपला वाटत नाही. मग हे तर अख्खं शीड.

पहाटेचा मतलई वारा डावीकडून, जमिनीवरून येत होता. शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे बोटभर धागे चिकटवलेले असतात. ते दोन्ही सरळ मागे वाहत राहिले की समजायचं, शीड नीट लागलंय. पलीकडच्या बाजूचा धागा नव्या पांढऱ्या कापडातून नुसता सावलीसारखा दिसत होता, आणि ती सावली सारखी वळवळत होती. म्हणजे दोरी जास्त ओढलीय. मी काय केलं? आणखी ओढली. बोटीवरचा म्हातारा नाखवा शेजारी बसला होता. त्याने काही न बोलता हात लांब केला आणि वीतभर दोरी ढिली केली. धागा गपकन सरळ.

"ओढू नकोस रे, नुसतं धर." हे आईचं वाक्य. गच्चीवर, उन्हं उतरताना, कांजी केलेल्या लुगड्याचं एक टोक माझ्या हातात. नऊवारी असल्यामुळे आई पार टाकीपाशी. मी मुद्दाम झटका द्यायचो, ती दोन पावलं हेलपाटायची, मग रागवायची. मग काठाला काठ लावत आम्ही एकमेकांकडे चालत यायचो, आणि शेवटी तिचे ओले हात माझ्या हातांतून टोकं काढून घ्यायचे. मी धरलेल्या बाजूची घडी नेहमी तिरकी. रात्री मी झोपलो असं समजून आई ती मोडायची आणि पुन्हा घालायची. मी जागाच असायचो.

खांदेरी उजवीकडे टाकली तेव्हा वारा साफ पडला. १६७९ मध्ये याच पाण्यात मराठ्यांच्या छोट्या होड्या वल्ही मारत मोठ्या शिडांच्या इंग्रजी जहाजांना चुकवून बेटावर सामान पोचवत होत्या, असं मित्र सांगू लागला. आमच्याकडे वल्ही नव्हती. आम्ही चहा केला. दुपारी खारा वारा सुटला आणि पाठीवर घेत त्याने आम्हाला मुरुडला नेऊन सोडलं.

संध्याकाळी पुढचं शीड उतरवलं. मित्राने एक टोक धरलं, मी दुसरं. ओढलं नाही, खरंच नाही. तरी घडी तिरकीच, आणि ती पिशवीत काही जाईना. राहू दे म्हणून आम्ही आत गेलो.

थोड्या वेळाने डेकवर तो पापडाचा आवाज आला. डोकावून पाहिलं, तर नाखवा एकटाच घडी मोडून पुन्हा घालत होता. मी परत आत आलो.