दोष आढळला नाही

जॉब कार्डवर मी ‘दोष आढळला नाही’ असे लिहून खाली सहीसुद्धा केली होती. ते कार्ड नंतर मी फाडले नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून ते तसेच फाइलला ठेवले आहे.

गाडी सकाळी वर्कशॉपमध्ये आली ती स्वतःच्या चाकांवर, आणि तक्रार अशी होती की आदल्या दिवशी घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी गाडीच्या तळाला टेकले. गाडीत पाच माणसे, टपावर सामान, ऑटोमॅटिक गिअरचा दांडा सुरुवातीपासून ‘डी’वर आणि उजवा पाय जवळजवळ सारा वेळ ब्रेकवर, अशा रीतीने ते गृहस्थ अर्धा तास उतरत होते. आधी करपल्यासारखा वास आला, तो पुढच्या ट्रकचा असेल असे त्यांना वाटले. मग पेडल थोडे मऊ लागले, आणि त्यानंतरच्या वळणावर ते नुसतेच खाली गेले. त्यांनी पेडल भराभर मारले तेव्हा थोडा दाब मिळाला, तेवढ्यात दांडा मॅन्युअलवर घेऊन एकेक गिअर खाली आणला, पार्किंग ब्रेकचे बटण ओढून धरले, आणि पुढे रस्ता जरा चढाचा झाला तिथे डोंगराच्या बाजूला गाडी थांबली. घाबरलेल्या माणसाला इतके सुचणे ही साधी गोष्ट नव्हे. तासाभराने पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक झाले. घरच्यांनी तर्क काढला की पाय घसरला असेल, नाहीतर पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकली असेल.

खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले, तेव्हा पेडल किंचित खाली आले, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक. मिनिटभर दाबून धरले तरी ते हळूहळू बसत नव्हते, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील ठीक. चारही चाकांच्या आतल्या बाजूला कुठे ओल नाही. बोनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइलची पातळी वरच्या खुणेला टेकलेली. मॅटचे हूक जागेवर. स्कॅनर लावला, चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएससकट एकाही यंत्रणेत दोषाची नोंद नव्हती. अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारून पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या पाहिल्या, त्या सहा मिलिमीटर तरी शिल्लक दिसल्या. एक फेरी मारून आलो, तिथेही गाडी सरळ आणि वेळेवर थांबत होती. इतके सगळे व्यवस्थित असताना कार्डवर दुसरे काय लिहायचे?

किल्ली हातात देताना ते गृहस्थ वाद न घालता एवढेच म्हणाले, “अहो, माझा पाय पेडलवरच होता. पेडल पायाखालून गेलं.”

ज्याचा पाय घसरतो तो असे बोलत नाही. त्याला पेडल सापडलेले नसते. यांना ते सापडले होते, आणि त्यात जोर उरलेला नव्हता. मी किल्ली परत मागून घेतली. गाडी थंड असताना काही सापडत नाही आणि तक्रार मात्र तापल्यावरची आहे, हे माझ्या लक्षात यायला इतका वेळ लागायला नको होता.

घाट उतरताना ब्रेकवर काय गुदरते याचा साधा हिशेब करून पाहावा. माणसे आणि सामान धरून १८०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ३६ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. त्यातला काही भाग वारा आणि टायर खातात. खालच्या गिअरमध्ये उतरले तर बराच भाग इंजिन अंगावर घेते. पण दांडा ‘डी’वरच ठेवला की गिअरबॉक्स बहुधा वरचा गिअर पकडून बसतो, इंजिनाचा अडसर नावापुरता उरतो आणि बाकी सगळी उष्णता डिस्क आणि पॅडच्या वाट्याला येते. काही नव्या गाड्या उतार ओळखून आपण होऊन गिअर खाली आणतात, पण तेवढ्यावर विसंबून लांब घाट उतरू नये.

पॅडना डिस्कवर चिमट्यासारखे दाबतो तो कॅलिपर. पॅडमागे त्याचा पिस्टन असतो आणि पिस्टनच्या पाठीशी ब्रेक ऑइल. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. पण या ऑइलला हवेतला ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. रबरी होजमधून आणि डबीच्या झाकणातून तो वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले तर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. एकदा का कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे धरतात, वाफ मात्र सहज दाबली जाते, आणि सगळा जोर बुडबुडे चेपण्यातच संपून पेडल तळाला जाते. गाडी तासभर उभी राहिली की वाफ पुन्हा द्रवात विरते आणि पेडल कडक होते. म्हणजे हा दोष जाताना आपला पुरावाही बरोबर घेऊन जातो. स्कॅनरला तो दिसत नाही, कारण ऑइलमधले पाणी मोजणारा सेन्सर या गाडीत नव्हताच. डबीतला तरंगता गोळा पातळी तेवढी पाहतो, आणि पातळी तर काठोकाठ होती.

डबीतून थोडे ऑइल काढले. नवे ऑइल फिकट पिवळसर असते, हे काळपट तपकिरी होते. रंगावरून निकाल देऊ नये, म्हणून ते तापवून उकळबिंदू दाखवणाऱ्या यंत्रावर लावले. आकडा आला १४८. आमच्याकडे पेनासारखे एक चाचणीयंत्रही आहे. त्याने त्याच ऑइलला ‘ठीक’ आणि ‘बदला’ यांच्या मधला दिवा दाखवला. तेव्हापासून ते पेन मी बाजूला ठेवले आहे.

एवढ्यावर समाधान मानता आले असते, पण तो करपट वास मनातून जाईना. ऑइल जुने असले तरी ते उकळण्याइतकी उष्णता एखाद्या चाकात जास्त साचली असणार. पुन्हा एक फेरी मारली, नेहमीसारखे ब्रेक लावत परत आलो आणि उतरल्याबरोबर दोन्ही पुढच्या डिस्कवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. चकचकीत धातूवर या यंत्राचा आकडा नेमका येत नाही, पण दोन सारख्या डिस्कमधला फरक त्याला कळतो. डावी ८५, उजवी १४०.

गाडी लिफ्टवर घेऊन उजवे चाक उतरवले. डिस्कवर निळसर झाक होती. बाहेरचा पॅड, जो मी फटीतून पाहिला होता, तो खरोखरच सहा मिलिमीटरचा होता. आतला पॅड दोन मिलिमीटरही नव्हता. कॅलिपर जिच्यावर मागेपुढे सरकतो ती खालची स्लाइड पिन तिच्या भोकात गंजून घट्ट बसली होती. तिचे रबरी बूट फाटून पाणी आत गेले होते. पिन सरकत नसली की पिस्टन आतला पॅड दाबतो खरा, पण कॅलिपर मागे सरून बाहेरच्या पॅडला पुरते ओढू शकत नाही, आणि पाय काढल्यावर नीट सुटतही नाही. त्यामुळे आतला पॅड डिस्कला घासत राहिला होता. त्यातून पॅड जितका पातळ, तितकी उष्णता लवकर पिस्टनकडे आणि ऑइलकडे पोहोचते. झिजेचा इशारा देणारा सेन्सर या गाडीत एकाच पुढच्या चाकावर होता, डाव्या. डावीकडचे पॅड चांगले होते, म्हणून डॅशबोर्ड गप्प होता.

यानंतर जे झाले ते मी जरा सावकाश सांगतो. नवे पॅड जाड असल्यामुळे ते बसवण्यापूर्वी पिस्टन आत ढकलावा लागतो. मी क्लॅम्प लावून तो आत घेत होतो आणि मदतनीस पोराला डबीवर लक्ष ठेवायला सांगितले होते. पिस्टन जेमतेम निम्मा आत गेला असेल, तोच तो ओरडला, “दादा, थांबा, बाहेर येतंय!” ब्रेक ऑइल डबीच्या काठावरून ओघळत खालच्या रंगावर उतरत होते. ते रंग खाते, म्हणून आधी भरपूर पाण्याने धुऊन घेतले.

धुता धुता मला त्याचा अर्थ लागला. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची रिकामी जागा भरायला डबीतले ऑइल खाली उतरते. गळती नसताना पातळी उतरली, तर पॅड झिजले आहेत असा तो निरोप असतो. कुणीच वरून ऑइल घातले नाही तर पिस्टन आत घेताना तेच ऑइल परत जागेवर येते, सांडत नाही. इथे सांडले, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी डबी भरली होती.

गाडीची जुनी कार्डे काढली. आठ महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसच्या कार्डावर लिहिले होते: ‘ब्रेक ऑइल कमी, टॉप-अप केले.’ खाली सही माझी होती.

मला तो दिवस आठवत नाही. अशा डब्या मी रोज पाहतो, कमी दिसली की भरतो, आणि ग्राहकालाही ते काळजीपूर्वक केलेले काम वाटते. त्या दिवशी पातळी का उतरली हे विचारून चाक उतरवले असते तर पिन तेव्हाच सापडली असती. उलट मी डबी भरल्यामुळे पातळीचा लाल दिवा जो कदाचित वाटेत कधीतरी लागला असता, तोही लागला नाही. कार्डे मागे चाळत गेलो तर ब्रेक ऑइल बदलल्याची एकही नोंद नव्हती. गाडी साडेचार वर्षांची होती आणि तिच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी ते बदलावे असे स्पष्ट छापले होते. किलोमीटर फक्त ३१ हजार झाले होते, आणि घोटाळा इथेच होतो. गाडी कमी चालते म्हणून मालकही निश्चिंत आणि आम्हीही. ओलावा मात्र गाडी चालण्याची वाट पाहत नाही.

पुढचे काम सरळ होते. दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढ घेते. स्लाइड पिना आणि बूट नवे घातले, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावले. साध्या ग्रीसने तिथले रबर फुगते. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजल्यावर डावी त्याच्या बरीच वर भरली. उजवी काठावर होती आणि वरून निळी पडलेली, म्हणून दोन्ही बदलल्या. ऑइलचा सीलबंद डबा फोडला; उघडून ठेवलेला अर्धा डबा कपाटात होता, तो आधी फेकला, कारण त्यानेही तितकीच हवा खाल्लेली असते. कंपनीने सांगितलेल्या क्रमाने चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुने काढले, एबीएसच्या पंपात अडकलेले निघावे म्हणून स्कॅनरवरून तो पंप चालवला. लिटरभर ऑइल त्यात गेले. चाकांचे नट टॉर्क रेंचने आडव्या-तिडव्या क्रमाने घट्ट केले. आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत मारून घेतले. नव्या पॅडनंतर पहिल्या दाबाला पेडल रिकामे जाते, आणि हे विसरून लिफ्टवरून उतरवलेली गाडी समोरच्या भिंतीला लागलेली मी पाहिली आहे.

संध्याकाळी ते गृहस्थ आले तेव्हा जुने पॅड त्यांच्या हातात ठेवले, बाहेरचा एका हातात, आतला दुसऱ्या हातात. मग आठ महिन्यांपूर्वीचे कार्ड दाखवले आणि सही माझी आहे हे सांगितले. ते कार्डाकडे बराच वेळ पाहत राहिले. मी रागाची तयारी ठेवली होती, पण त्यांनी विचारले, “म्हणजे माझा पाय घसरला नव्हता?”

“नव्हता,” मी म्हणालो. “मात्र पुढच्या वेळी उताराला लागण्याआधीच गिअर खाली घ्या. ब्रेक लावायचा तो ठामपणे लावून सोडायचा, पाय नुसता टेकवून ठेवायचा नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि हेच त्यांच्या पत्नीसमोर पुन्हा एकदा सांगाल का, असे विचारून फोन लावला. मी सांगितले, पायाचे आधी आणि गिअरचे नंतर. फोन चालू असतानाच पोराने डबीच्या झाकणावर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आजची तारीख लिहिली. तिच्या खाली दोन वर्षांनंतरची तारीख त्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने लिहिली.