ओल्या वातीचा थर्मामीटर

माझे वडील हवा ओली करण्याचा पगार घ्यायचे आणि मी १९९९ पासून हवा कोरडी करून पोट भरतो आहे. परळच्या एका गिरणीत बाबा ह्युमिडिफिकेशन खात्यात होते. हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, म्हणून विणाई खात्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरून ठेवायची, हे त्यांचं काम. त्यासाठी भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असायचे. एक साधा, आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळलेली. वातीतलं पाणी उडालं की तो थर्मामीटर खाली उतरतो. दोघांत फरक जास्त म्हणजे हवा कोरडी, कमी म्हणजे हवा ओली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबांची गिरणी परत उघडलीच नाही. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन झाले. पण घरी फळकुटावर दोन थर्मामीटर ठोकून, कंदिलाची वात लावून त्यांनी तसंच एक यंत्र बनवलं होतं. पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत ते आईला त्यावर दाखवायचे. आई म्हणायची, ते खिडकीतनं पण दिसतं.

आयटीआय झाल्यावर ग्रँट रोडला एका एसी मेकॅनिककडे उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे मुख्यतः हमाली. दीड टनाचा विंडो एसी पन्नास-साठ किलोचा, आणि जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नाही. १९९९ च्या पाडव्याला लालबागला चाळीच्या तळमजल्यावर आठ बाय दहाचा गाळा घेतला. नागदेवीतून गॅसचा दाब मोजायच्या गेजचा जुना संच आणला, लोहार चाळीतून वायर, कॅपॅसिटर, थर्मोस्टॅट असं किरकोळ सामान आणलं, आणि नारळ फोडला.

तेव्हा या धंद्यात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. कूलिंग कमी आहे? गॅस भरा. मीही भरायचो, खोटं कशाला बोलू. २००३ च्या मार्चमध्ये शिवडीचे एक काका, गोदीतून रिटायर झालेले, दुकानात आले. त्यांनी काउंटरवर तीन पावत्या एकाखाली एक मांडल्या. तिन्ही मार्चच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या, तिन्हींवर माझी सही.

“मला एक सांगा, हा गॅस काय रॉकेल आहे, जळून संपायला?”

मला उत्तर येत होतं, म्हणूनच जास्त लाज वाटली. एसीतला गॅस बंद नळीत फिरत असतो. खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची, परत आत यायचं. तो कमी झाला तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता वर्षाला गॅस भरणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं, आणि वर दर खेपेला त्याचे पैसे घेणं. त्या संध्याकाळी त्यांचा विंडो एसी गॅलरीत उतरवला, जोडांना साबणाचा फेस लावला आणि टॉर्च धरून बसलो. बराच वेळ काही दिसेना. मग कॉईलच्या मागच्या वळणावर, वेल्डिंगच्या जोडापाशी, मटाराएवढा एक बुडबुडा सावकाश फुगला, फुटला आणि तिथेच परत फुगायला लागला. काका स्टुलावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत. मी जोड पक्का केला आणि दोन पावत्यांचे पैसे परत दिले.

त्यानंतर आम्ही नायट्रोजनचा सिलिंडर आणि व्हॅक्यूम पंप घेतला. नायट्रोजनच्या दाबाने गळती सापडते. पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल काढून टाकली नाही, तर तीच आत राहून कंप्रेसरचा जीव घेते. गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही, असं ठरवून टाकलं. फटका लगेच बसला. आमच्या उन्हाळ्यातल्या कमाईचा मोठा हिस्सा या भरण्यातूनच यायचा. त्या वर्षी दोन पोरांचे पगार बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भागवले. पाटल्या सुटल्या, पण त्यांचा विषय अजून सुटलेला नाही.

दुसरा धडा बाबांच्या फळकुटाने शिकवला. २०११ चा जुलै. दादरच्या हिंदू कॉलनीत एक रिटायर्ड शिक्षिका, एकट्याच राहायच्या. मुलाने हौसेने दोन टनाचा एसी बसवून दिलेला, तोही एकशे दहा चौरस फुटांच्या बेडरूममध्ये! बाईंची तक्रार अशी, की थंडी वाजते, पण अंगाची चिकचिक जात नाही, चादर दमट लागते आणि बिल बघून धडधडतं. आमच्या दुकानातला पोरगा दोनदा जाऊन आला होता. मशीन एकदम ओके, म्हणाला. बाबा तेव्हा घरीच असायचे, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माझं फळकूट घेऊन जा.

मशीन चालू होतं. साधा थर्मामीटर चोवीस दाखवत होता, ओल्या वातीचा साडेएकवीस. फरक अवघा अडीच अंशांचा. म्हणजे बाईंच्या बेडरूममध्ये बाबांच्या विणाई खात्याइतकी ओल होती! मग बाहेर ड्रेनच्या पाइपाखाली तांब्या ठेवला. तासाभरात अर्धासुद्धा भरला नाही. कारण साधं होतं. मोठं मशीन चार मिनिटांत खोली गार करायचं आणि कंप्रेसर बंद पडायचा. हवेतली ओल कॉईलवर जमून खाली गळायला वेळच मिळत नव्हता, आणि आतला पंखा, म्हणजे ब्लोअर, चालूच असल्यामुळे कॉईलवरचं पाणी उडून परत खोलीत यायचं.

टन म्हणजे मशीनचं वजन, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. तो हिशेब बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल तेवढी ताकद, आजच्या भाषेत साडेतीन किलोवॉट. एवढ्याशा खोलीत दोन टन म्हणजे वाटीभर आमटीला पातेलंभर फोडणी.

तिथे एक टनाचा बसवला, दोन टनाचा मुलाच्या मोठ्या हॉलमध्ये गेला. आठवड्याने परत फळकूट टांगलं. साधा सव्वीस, ओला साडेवीस, फरक साडेपाच. पाऊण तासात तांब्या भरून वाहायला लागला. खोली आधीपेक्षा दोन अंश गरम होती आणि बाईंना जास्त बरं वाटत होतं. “चौथीच्या विज्ञानात शिकवायची मी हे,” त्या म्हणाल्या, “घाम उडाला की गार वाटतं.” मुंबईच्या हवेत गर्मीबरोबर ओलही काढावी लागते, हे मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पावसाळ्यात तर नुसत्या ड्राय मोडवर काम भागतं.

बिलाचं गणितही मी तिथेच कागदावर मांडून दिलं. आपल्याकडे युनिटचे टप्पे आहेत. शंभरपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. म्हणजे वरचं युनिट सगळ्यात महाग. दीड टनाचा जुना एसी, कंप्रेसर सलग चालला तर तासाला दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याचे तीनशे साठ झाले, फ्रिज-पंखे वेगळेच. म्हणून वाचवायची असतात ती वरची पन्नास-साठ युनिटं. बीईई, म्हणजे वीजबचतीचं सरकारी खातं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे सेटिंग एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी चालू केल्यावर चोवीसवरच सुरू होतात, ते याचसाठी. आम्ही सव्वीस आणि वर पंखा सांगतो. जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा असतो, कमी विजेच्या मोटरचा नवा बीएलडीसी तीसच्या आसपास. लोक सोळावर लावून गोधडी घेऊन झोपतात, आणि सकाळी वीज देणाऱ्या बेस्टला शिव्या देतात.

गिरण्यांच्या जागी टॉवर आले तशी गिऱ्हाइकं बदलली. तिसाव्या मजल्यावर कबुतरं आउटडोअरमध्ये घरटं करतात. काड्या-पिसांनी कॉईल बुजते आणि मालक विचारतो, फाइव्ह स्टार घेऊनही बिल का येतं? वरळी सी-फेसला खारी हवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाते. बोट लावलं तर पापडासारख्या चुरतात. तिथे वर्षातून दोनदा साध्या पाण्याने धुणं हाच उपाय. छज्ज्यावर उतरायचं तर बेल्ट लावूनच. बेल्ट न लावणाऱ्या एका चांगल्या मेकॅनिकला मी त्याच दिवशी हिशेब दिला होता.

हिंदमाताला गुडघाभर पाणी ही आमच्याकडे बातमी नाही, पण २९ ऑगस्ट २०१७ ला ते कमरेला लागलं. तिथल्या आमच्या गोदामात रिपेअरला आलेल्या मशीनचे चार पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, गेले. भरपाई आम्हीच दिली. पुढे.

लॉकडाऊनमध्ये एप्रिल-मे, म्हणजे आमचा सुगीचा काळ, शटर खाली. फोन मात्र वाजत होते. मी व्हिडिओ कॉलवर लोकांना फिल्टर काढायला शिकवत होतो. काकू, दोन्ही बाजूंनी धरा, वर उचला, आता ओढा. नळाखाली धरायचा, ब्रश नको, सावलीत वाळवायचा. एक आजोबा जाळी बघून म्हणाले, “अहो, ही तर गालिच्यासारखी झाली आहे.” पोरांना भीती वाटत होती की लोक शिकले तर सर्व्हिसला कोण बोलावणार. फिल्टरपुरत्या येणाऱ्या सर्व्हिसा खरोखर घटल्या. पण त्याच लोकांनी नंतर गळती, पीसीबी, नवीन फिटिंग अशा कामांना आम्हालाच बोलावलं, आणि ती कामं पैशाची.

हीटिंग म्हणजे मुंबईत गीझर, तेवढाच. पंधरा लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर न्यायला जेमतेम पाऊण युनिटाच्या आत वीज लागते आणि दोन हजार वॉटच्या गीझरला वीसेक मिनिटं. पण पहाटे पाचला लावून दहापर्यंत चालू ठेवणारी घरं मी मोजलेली नाहीत, मोजवणार नाहीत. थर्मोस्टॅट पंचाहत्तरवर आणि मग बादलीत निम्मं गार पाणी, हीदेखील तीच गत. जिथे टँकरचं पाणी येतं तिथे एलिमेंटवर चुना चढतो, तो वर्षाने काढावा. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर आम्ही बसवत नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. त्यापायी ऑर्डरी गेल्या, जाऊ देत.

बाबा २०१४ ला गेले. फळकूट दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी आहे. आता मुलगी माझ्याबरोबर आहे. तिने आयटीआयला माझाच ट्रेड घेतला. तिच्या जॉबकार्डावर आत ओढलेल्या आणि बाहेर टाकलेल्या हवेच्या तापमानातला फरक, ॲम्पियर आणि आर्द्रता, सगळं लिहावंच लागतं, नाहीतर ती कार्ड परत पाठवते. मलासुद्धा. तिचा डिजिटल मीटर आणि बाबांचं फळकूट यांत एक-दोन टक्क्यांचा फरक येतो. वात नवी लावली की तोही जातो.

यंदा पाडव्याला पहिला फोन काळाचौकीहून. बेडरूम गार होत नाही, दीडचा काढून दोन टनाचा हवा, पैसे तयार आहेत. मुलगी गेली. तासाभराने परत आली ती ऑर्डर न घेता. बेडरूमच्या दाराखाली बोटभर फट होती आणि मशीनला काही झालेलं नव्हतं. कपाटातून तिने दाराखाली लावायची रबरी पट्टी काढली, दोनशे ऐंशी रुपयांची, आणि बोहनीची पावती फाडून पोराच्या हाती दिली.