आमची वाटचाल : टायमर बोर्डापासून पॉवर सप्लायपर्यंत

पॉवर सप्लाय बनवायचे म्हणून आम्ही धंद्यात उतरलो नव्हतो. आम्ही टायमर आणि रिले बोर्ड बनवायचो. बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला ५ व्होल्टवर जेमतेम २० मिलिअँपिअर लागायचे आणि तेवढ्यासाठी एका कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागायचा. बोर्डाचं निम्मं वजन त्याचंच. पार्सल वाटेत आपटलं की त्याचे पाय सोल्डरमधून उखडायचे, आणि काही काम नसतानाही तो हाताला कोमट लागायचा.

तो काढून आम्ही कपॅसिटर ड्रॉपरवर आलो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरऐवजी कपॅसिटरनेच मेन्सचा (२३० व्होल्टच्या लाइनचा) करंट आवरायचा. ०.४७ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट मेन्सवर लावायचा) कपॅसिटर, पुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज आणि व्होल्टेज बांधून ठेवणारा झेनर डायोड. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून साधारण ३० मिलिअँपिअर मिळतात. बोर्ड हलका झाला, स्वस्त झाला, ऑर्डरी वाढल्या. पण या सर्किटमध्ये मेन्स आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये कसलाच आडपडदा नसतो. बोर्डाची निगेटिव्ह बाजू थेट मेन्सला चिकटलेली असते. हे आम्हाला ठाऊक होतं, बोर्डावर तशी सूचनाही छापलेली होती. तरी एका संध्याकाळी आमचा एक सहकारी मेन्सवर चालू असलेल्या बोर्डाला प्रोग्रॅमरची केबल लावायला गेला. कॉम्प्युटरला अर्थिंग होतं. फट्‌कन आवाज झाला, पोर्ट जळाला आणि त्याच्या हाताला झटका बसला. तो सुखरूप राहिला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सूचना वाचून माणूस वाचत नाही, सर्किटनेच त्याला वाचवायला हवं, हे तेव्हा पटलं.

त्याच सुमारास जुने बोर्डही परत यायला लागले होते. रिले ओढत नाही, नुसता थरथरतो, अशी तक्रार. कपॅसिटर काढून मोजले तर ०.४७ च्या जागी ०.२ भरायचे. एक्स२ कपॅसिटर स्वतःला सांभाळून घेतो : लाइनवर सर्ज (व्होल्टेजची क्षणिक उसळी) आला की आतल्या धातूच्या थराचा तेवढाच ठिपका जळून जातो आणि शॉर्ट टळतो. आग लागत नाही हे खरं, पण प्रत्येक ठिपक्यागणिक कपॅसिटन्स घटत जातो आणि त्याबरोबर मिळणारा करंटही.

मग मेन्सवरून ५ व्होल्ट देणारी बाजारातली तयार पॉवर सप्लाय मॉड्यूल्स आणली. वापरण्याआधी काही फोडून बघितली. एकात मेन्सकडचं तांबं आणि ५ व्होल्टकडचं तांबं यांच्यात दोन मिलिमीटरसुद्धा अंतर नव्हतं. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या जागी वाय क्लासचा कपॅसिटर हवा. तिथे साधा सिरॅमिक होता. वाय कपॅसिटरची घडणच अशी असते की तो खराब झाला तरी शॉर्ट होऊ नये. साध्याची तशी हमी नाही, आणि तो शॉर्ट झाला तर मेन्स सरळ हातापर्यंत येतं. ती मॉड्यूल्स आम्ही बाजूला ठेवली आणि आपणच बनवायचं ठरवलं.

तत्त्व जुनंच आहे. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केलं की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतं. एक छोटी चिप ते सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते, आणि फ्रिक्वेन्सी इतकी वाढल्यामुळे ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा पुरतो. अडचण तत्त्वात नव्हती, त्या पेराएवढ्या वस्तूत होती. पहिले ट्रान्सफॉर्मर आम्ही हातानेच गुंडाळले : केसासारख्या तारेचे १३५ फेरे (मेन्सकडची प्रायमरी), त्यावर पिवळ्या पॉलिएस्टर टेपचे तीन थर, आणि वर तिहेरी इन्सुलेशनच्या तारेचे फक्त नऊ फेरे (५ व्होल्टकडची सेकंडरी). दिसायला सुबक. हायपॉट टेस्टला, म्हणजे दोन्ही बाजूंमधलं इन्सुलेशन टिकतं का ते बघायला, ३,००० व्होल्ट दिले की त्यातले काही चर्र आवाज करून जायचे. आम्ही टेप बदलली, वार्निश बदललं, काही फरक पडेना. शेवटी एक जळलेला नग भिंगाखाली धरून उलगडला. वाइंडिंग ठणठणीत होतं. चूक बाहेर होती : सेकंडरीची तार पिनपर्यंत नेताना प्रायमरीच्या सोल्डरला घासून जात होती. पिना समोरासमोरच्या बाजूंना घेतल्या, तारेवर स्लीव्ह चढवली आणि ती कटकट संपली.

यानंतर आमच्याकडून मोठी चूक झाली. ग्राहक अजून लहान मागत होते आणि आम्हीही त्या नादाला लागलो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरला अगदी खेटून बसवला. मॉड्यूल देखणं झालं, खपलंही. बंद डबीत त्या कपॅसिटरचं तापमान ८५ अंशांवर जात होतं. आम्ही घेतलेला कपॅसिटर १०५ अंशांना २,००० तासांचा. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ८५ अंशांना ८,००० तास. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूला हे अकरा महिने झाले. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा होता, तो आम्ही माल परत आल्यावर केला. ग्राहक म्हणायचे, वाय-फाय बोर्ड मध्येच रीसेट होतो. उघडून पाहावं तर कपॅसिटरचं टोक फुगलेलं आणि रिपल (डीसीतला चढउतार) भलताच वाढलेला. वाय-फायचा बोर्ड सरासरी कमी करंट घेतो, पण डेटा पाठवताना क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर उडी मारतो, आणि थकलेल्या कपॅसिटरला ती उडी पेलत नाही. तो सगळा माल आम्ही स्वखर्चाने बदलून दिला. नवं डिझाइन चार मिलिमीटरने लांब केलं, कपॅसिटर उष्णतेपासून दूर नेला आणि १०,००० तासांचा घेतला. आता तो ६५ अंशांच्या आसपास राहतो. आमच्या कॅटलॉगमध्ये आकाराने मोठं झालेलं ते एकच मॉड्यूल आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हापासून ऑर्डर घेताना सरासरी करंटच्या आधी आम्ही दोन गोष्टी विचारतो : क्षणभराचा जास्तीत जास्त करंट किती, आणि डबीला हवेसाठी भोकं आहेत का. प्रत्येक नगाची हायपॉट टेस्ट होते, नमुन्याची नाही. पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) मेन्स आणि डीसीच्या मध्ये आठ मिलिमीटरचा मोकळा पट्टा सोडलेला असतो. अजून बारीक करा असं कोणी म्हटलं, तर बाकी कुठेही कात्री लावू, त्या पट्ट्याला हात लावत नाही. प्रत्येक बॅचमधली काही मॉड्यूल्स बंद डब्यांत घालून रॅकवर फुल लोडवर ठेवतो आणि दर आठवड्याला त्यांचं तापमान वहीत उतरतं.

सध्या खटपट चालली आहे ती बिनलोडच्या खर्चाची. लोड नसताना मॉड्यूलने ०.१ वॉटच्या आत राहावं असं आम्ही धरलंय. चिप सुरू करण्यासाठी जो १ मेगओहमचा रेझिस्टर लावतो, तो ३२५ व्होल्टवर एकटाच तेवढं खाऊन टाकतो. तो २ मेगओहमचा केला की खर्च निम्म्यावर येतो, पण लाइट गेल्यावर परत आली की मॉड्यूल सुरू व्हायला रेंगाळतं. टेबलावर आत्ता दोन्ही तऱ्हेचे नग मांडलेले आहेत, कमी व्होल्टेजला कोण किती वेळ घेतं ते मोजणं चालू आहे.