बॅड ब्रेन्स: आधी वादळ, मग रेगे

हार्डकोर पंक, म्हणजे पंक रॉकचा जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकार, म्हटलं की लोक लगेच गोऱ्या पोरांच्या बँडची नावं घेतात, पण माझ्यासाठी बॅड ब्रेन्सच्या वर कोणी नाही. वॉशिंग्टन डीसीची ही चार कृष्णवर्णीय पोरं आधी जॅझ फ्यूजन वाजवायची, म्हणून तर हात इतके तयार होते, आणि १९७७ च्या सुमारास पंककडे वळल्यावर त्यांनी स्पीड असा काय वाढवला की बाकीचे मागेच पडले. डीसीतल्या क्लबांनी दारं बंद केली म्हणून मग न्यूयॉर्क गाठलं आणि तिथला सीबीजीबी हा क्लब गाजवला. पहिला अल्बम १९८२ चा, तोही फक्त कॅसेटवर!

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या सीबीजीबीच्या शोचं रेकॉर्डिंग आहे, ते बघाच. छोटंसं स्टेज, पोरं वर चढतायत, उड्या मारतायत, आणि त्या गर्दीतही डॉक्टर नोची गिटार, डॅरिल जेनिफरचा बास आणि अर्ल हडसनचे ड्रम एकमेकांना जराही सोडत नाहीत. गायक एच.आर. म्हणजे अर्लचा सख्खा भाऊ, गाण्याच्या शेवटी बॅकफ्लिप मारून बरोब्बर शेवटच्या ठोक्यावर उतरण्यासाठी प्रसिद्ध होता. आणि एवढ्या धुमाकुळात मधेच संथ रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, सुरू होतं. हे चौघं रास्ताफारी, म्हणजे रेगेशी घट्ट जोडलेल्या जमैकातल्या धर्मपंथाचे झालेले ना, त्यामुळे ते रेगे अगदी मनापासूनचं वाटतं. काहींना ते खटकतं, मला नाही, उलट त्यानंतरचं फास्ट गाणं दुप्पट जोरात लागतं.

नवीन ऐकणाऱ्यांनी १९८६ चा 'आय अगेन्स्ट आय' अल्बम घ्यावा, मेटलवाल्यांनी तर नक्कीच.